ग्राफिक्स कार्डाचीं मुळाक्षरें

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं माझ्या संगणकाचा पडदा काळाच राहिला. आदल्या रात्रीं मीं ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम कसें करून घ्यावें हें संगणकास सांगणारी आज्ञावली, हौसेनें बसविला होता. यंत्राचा दिवा लागला होता. दिसत मात्र कांहींच नव्हतें. वडिलांच्या पत्रांच्या, चार वर्षें खपून केलेल्या नकला त्याच यंत्रांत होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

भाचा टेलिफोनवरून म्हणाला, "मामा, घाबरूं नका. सेफ मोडमध्यें सुरू करा." तो सांगत गेला तसें मी करीत गेलों, आणि ओबडधोबड अक्षरांनीं कां होईना, पडदा उजळला. सदोष ड्रायव्हर काढला. पत्रें सुखरूप हातीं आलीं. मग प्रश्न पडला, ड्रायव्हरवांचून हें चित्र उमटविलें कोणीं?

ड्रायव्हर असतो डिस्कवर. तो वाचण्यापूर्वीं संगणकास मेमरी तपासावी लागते, डिस्क शोधावी लागते, ऑपरेटिंग सिस्टीम आणावी लागते. मध्येंच कोठें अडलें, किंवा डिस्क उघडण्यास परवलीचा शब्द हवा असला, तर तें मालकास सांगावयाचें कशावर? ड्रायव्हर आल्यावांचून पडदा उजळावयाचा नाहीं म्हटलें, तर कपाटाची किल्ली कपाटांतच राहिली म्हणावयाची! आणि नव्या कोऱ्या डिस्कवर तर ड्रायव्हरच नसतो.

१९८१ च्या आय.बी.एम. पीसीमध्यें पडद्याचें हें प्राथमिक ज्ञान मुख्य फलकावरील चिपेंत असे. पण पुढें निघणाऱ्या कार्डांची ओळख त्या चिपेस कोठून असणार? म्हणून १९८४ चें ईजीए कार्ड आपली आज्ञावली स्वतःच्या चिपेंत घेऊन आलें. १९८७ मध्यें व्हीजीए आलें. ६४० बाय ४८० ठिपके आणि १६ रंग, हें त्याचें माप इतर कारखानदारांनींहि उचललें, आणि कार्ड कोणाचेंहि असो, एवढें त्यास येतेंच असें गृहीत धरतां येऊं लागलें. हल्लींच्या यूईएफआय पद्धतींत कार्डाची ही आज्ञावली मेमरीचा एक पट्टा चित्रासाठीं मांडून देते आणि त्याचा पत्ता, रुंदी व उंची ऑपरेटिंग सिस्टीमला कळविते. त्या पट्ट्यांत आंकडा लिहिला कीं पडद्यावर ठिपका उमटतो. यांत वेग नाहीं, डौल नाहीं. पण निरोप पोंचतो.

शाळेंत मीं अनेक वर्षें मुलांना बाराखडी शिकविली. ड्रायव्हर हें पांडित्य आहे. त्यावांचून खेळ वा चलच्चित्रें नीट चालावयाचीं नाहींत. परंतु पांडित्य चुकलें म्हणजे "माझें कोठें चुकलें" हें सांगण्यास मुळाक्षरेंच लागतात, आणि तीं त्या पांडित्यावर अवलंबून असतां कामा नयेत.

पत्रांची दुसरी प्रत मीं त्याच दिवशीं काढून ठेविली, हें सांगणें नलगे.