पऱ्हाटीतला किडा: आधी ओळख, मग फवारा
(राळेगाव इथल्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

बचत झाली, कर्जफेडीचा हिशोब झाला, आता दहा मिनिटं मला द्या.

मागच्या हप्त्यात गटातल्या एका ताईच्या वावरात गेले होते. पऱ्हाटीच्या पानाखाली काळ्या, केशरी ठिपक्यांच्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. ताई म्हणाली, "मॅडम, अळी आली, हे उद्या फवारा मारणार." मी म्हटलं, थांबा. ती ढालकिड्याची पिल्लं होती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा, लेकरं हातावर घेऊन खेळतात ना, त्याचीच. तो पऱ्हाटी खात नाही, मावा खातो. म्हणजे पैसे मोजून आपणच आपला राखणदार मारणार होतो!

किडा ओळखायचा तर पाय मोजा. डोकं, छाती, पोट असे तीन भाग, डोक्यावर दोन मिशा आणि छातीला सहा पाय, तो किडा. अळीला मागे आणखी मऊ पाय दिसतात, पण खरे पाय छातीजवळचे सहाच. आठ पायांचा कोळी किडा नाहीच. पानं लाल करणारा लाल कोळीही त्याच्याच कुळातला, म्हणून किड्याचं औषध त्याला लागू पडेलच असं नाही. आणि पांढरी माशी? नावाची माशी. खऱ्या माशीला दोन पंख, हिला चार. ही माव्याची, तुडतुड्याची नातेवाईक, सोंड खुपसून रस पिणारी.

मावा, तुडतुड्याची पिल्लं लहानपणापासून मोठ्यांसारखीच दिसतात. पतंगाचं तसं नाही. अंडं, अळी, कोष, मग पतंग. गुलाबी बोंडअळीचा पतंग पात्याफुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी निघाली की थोड्याच वेळात आत शिरते, वरचं भोक बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसलं, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, तर तोडून पाहा, आत अळी सापडेल. अशा डोमकळ्या वेचून नष्ट करा. हे काम आपल्याच हातचं आहे, निंदताना होतं.

पतंग मोजायला एकरी 2 कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8 किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली समजा. त्याआधी घाई नको. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क चालतो: 5 किलो निंबोळ्या, 100 लिटर पाणी. निंबोळ्या तर आपल्याच धुऱ्यावर पडतात.

हे मी एवढं का सांगते? 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेकडो जण दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसं दगावली. पंप माणसाच्या पाठीवर असतो, पण ड्रममध्ये पाणी आणून ओतणारी बाई, आणि ते कपडे धुणारीही बाईच. तिचं कुणी मोजत नाही. फवाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, हातात पिशवी घालून वेगळे धुवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं काडीपेटीत आपल्या वावरातला एक किडा आणा. जिवंत. सगळ्या मिळून पाय मोजू.