विहिरीत उतरवलेलं यंत्र

आज एका यंत्राच्या जोडणीविषयी बोलते. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेचा २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात. त्या टकरीतून काय बाहेर पडतं ते टिपणारं एक यंत्र म्हणजे सीएमएस. लांबी २१ मीटर, उंची १५ मीटर, वजन सुमारे १४,००० टन. इवल्याशा कणांसाठी एवढं धूड कशाला? तर हे कण भयंकर वेगाने सुटतात. त्यांना वळवायला जबरदस्त चुंबक लागतो आणि अडवायला पुष्कळ धातू.

हे यंत्र फ्रान्समधल्या सेसी गावाजवळ, जमिनीखाली १०० मीटरवर आहे. तिथे १९९८ मध्ये खोदायला घेतलं, तर चौथ्या शतकातल्या रोमन वाड्याचे अवशेष आणि नाणी निघाली! पुढे पाणी धरलेला थर लागला. तो चक्क गोठवून विहीर खणली. खालची गुहा तयार होईपर्यंत खोळंबून राहायला नको, म्हणून यंत्र वरच्याच शेडमध्ये जोडलं. चुंबकसुद्धा तिथेच चालवून पाहिला.

मग सगळं खाली न्यायचं, एकूण १५ भागांत. सर्वांत अवघड दिवस होता २८ फेब्रुवारी २००७. मधलं कडं, चुंबकासकट, १,९२० टनांचं. चार जाड दोरखंडांवर ते टांगलं. विहिरीची भिंत आणि कडं यांच्यात फट होती वीसेक सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या एका वितीएवढी. जरासं हेलकावलं असतं तर कित्येक वर्षांचं काम भिंतीला घासलं असतं. सकाळी सुरुवात झाली आणि तळ गाठायला दहा तास लागले. घाई नाही केली, हेच मला फार आवडतं. शेवटचा भाग जानेवारी २००८ मध्ये उतरला.

या यंत्रात आपल्या मुंबईचंही काम आहे, बरं का. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यासाठी खास प्लास्टिकच्या फरशा तयार झाल्या, १० मिलिमीटर जाडीच्या. कण आरपार गेला की फरशीत क्षणभर उजेड चमकतो. फरशीला खाचा पाडायच्या, खाचांत बारीक प्रकाशतंतू बसवायचे आणि वरून काळं आवरण घालायचं, कारण बाहेरचा उजेड आत शिरला तर सगळं मोजमाप फुकट. या फरशा चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर बसवल्या आहेत. आतल्या थरांतून जे निसटतं, ते तिथे पकडलं जातं.