पैनगंगेच्या अलीकडचं शेतीचं शिक्षण

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ, बेला भागात अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. जमीन काळी, पीक कापूस, जोडीला तूर आणि सोयाबीन. पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे गेलं तरी शिवार हेच. शेतीचं शिक्षण मात्र दोन राज्यांत विभागलं गेलं आहे.

या शिक्षणाची सुरुवात दुष्काळानं झाली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला शेती खात्याची गरज पटली. पुण्यात सायन्स कॉलेजमध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले. पुढे १९०५ मध्ये पुसा इथं संशोधन संस्था निघाली आणि पाठोपाठ नागपूर, पुणे, कानपूर, कोइमतूर इथं स्वतंत्र महाविद्यालयं उभी राहिली.

पुण्याचे पहिले प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचं काम आजही मोलाचं आहे. मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव निवडलं आणि तिथली जमीन, कर्ज, उत्पन्न घरोघर जाऊन नोंदवलं. १७७१ मध्ये तिथं दर खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. प्रयोगशाळेत बसून हा आकडा कधीच हाती आला नसता.

आपला भाग तेव्हा निजामाच्या संस्थानात. परभणीला १९१८ मध्ये प्रयोगक्षेत्र सुरू झालं, हैदराबादला १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं आणि परभणीला १९५६ मध्ये. नेमकं त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. परभणी मुंबई राज्यात गेली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं, आणि किनवट, राजुरा हे आपले तालुके मुंबई राज्यात गेले. परभणीचं जे महाविद्यालय मराठी बोलणाऱ्या कापूस उत्पादकाला जवळचं ठरलं असतं, ते जन्मतःच परराज्यातलं झालं.

पुढे आंध्रात १९६४ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये आणि परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठं आली. तेलंगण झाल्यावर २०१४ मध्ये प्राध्यापक जयशंकर विद्यापीठ वेगळं झालं. आदिलाबादेत या विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे आणि आता कृषी महाविद्यालयही आहे.

वाणांना सीमा लागत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातला एनएचएच-४४ हा संकरित वाण बीटी येण्यापूर्वी कोरडवाहू शेतकऱ्यांचा भरवशाचा होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानत नाही. ती पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सारखंच नुकसान करते, म्हणून फरदड न घेणं, वेळेवर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करणं, कामगंध सापळे लावणं हे दोन्ही तीरांवर एकाच वेळी झालं तरच त्याचा उपयोग होईल.

शेवटच्या वर्षाचे कृषी विद्यार्थी काही महिने खेड्यांत राहून काम करतात. महाराष्ट्रात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. आदिलाबादच्या महाविद्यालयानं जैनथ, बेल्याकडे पाठवताना मराठी येणारे विद्यार्थी निवडावेत आणि बोंडअळीची माहितीपत्रकं तेलुगूबरोबर मराठीतही छापावीत. आणि शेतकरी बंधूभगिनींनो, महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. या हंगामात पेरणीआधी मातीचा नमुना घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांना एकदा जरूर भेटा.