आधी तिथी, मग ठिकाण



मुंबई पाहावयास येणाऱ्या पाहुण्याच्या खिशात जी ठिकाणांची फेरिस्त असते, ती बहुधा आपणच, म्हणजे येथल्या रहिवाशांनी, त्याला करून दिलेली असते. गेटवे, म्हातारीचा बूट, राणीचा बाग, जुहूची चौपाटी, आणि वेळ उरलाच तर घारापुरी, अशी ती फेरिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; आणि तीत 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर जितके तपशीलवार असते, तितका 'केव्हा' हा प्रश्न अजिबात नसतो. माझे आजचे सारे म्हणणे या 'केव्हा'विषयी आहे. ठिकाणे जागेवर राहतात, ती कोठे जात नाहीत. परंतु या नगरीत जे पाहण्याजोगे आहे, त्यापैकी निम्म्याहून अधिक तिथीला बांधलेले आहे, आणि ती तिथी चुकली की वर्षभर थांबण्यावाचून गत्यंतर नाही.

चार भावांचा एक जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. अंगण एक, विहीर एक, पण चुली चार. प्रत्येक चुलीचे कुळाचार निराळे, नैवेद्याचे दिवस निराळे, उपासही निराळे. अशा वाड्यात एखादा पाहुणा भर दुपारी, कर्ती माणसे कामावर गेली असताना आला, ओसरीवरचा झोपाळा आणि दिवाणखान्यातील हंड्याझुंबरे पाहून, पाणी पिऊन निघून गेला, तर त्याने काय पाहिले? लाकूड आणि दगड पाहिला. तोच पाहुणा एखाद्या चुलीवर पुरण शिजत असताना आला असता, तर माजघरात त्याच्यासाठी पाट मांडला गेला असता आणि शेजारच्या तिन्ही चुलींची मुलेही पंक्तीला आलेली त्याने पाहिली असती. मुंबई हा असा वाडा आहे. गेटवे हा त्याचा दिवाणखाना. १९२४ साली पुरी झालेली ती वास्तू भव्य आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दिवाणखान्यातूनच पाहुण्याला निरोप देण्याच्या आपल्या रिवाजाची.

या वाड्यात पंचांगे तरी किती! शालिवाहन शकाचे एक. हिजरी सनाचे दुसरे, जे दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि म्हणून रमझानला सर्व ऋतूंतून फिरवून आणते. पारशांच्या शहेनशाही गणनेचे तिसरे, ज्यात अधिक दिवस धरीत नाहीत, त्यामुळे त्यांचे नववर्ष सरकत सरकत आता ऑगस्टच्या मध्यावर आले आहे. ख्रिस्ती सणांचे चौथे. आणि पाचवे, ज्याची आठवण आपल्याला कधी होत नाही, ते समुद्राचे, भरती-ओहोटीचे. कोकणचा नाखवा अजूनही तिथीची पाऊणपट करतो आणि भरतीची वेळ सांगतो: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पाहुण्याला गाडीचे वेळापत्रक देणाऱ्या आपण यजमानांनी त्याला ही पाऊणपटही सांगावी, असे मला कळकळीने वाटते.

आता पावसाळ्याचे घ्या. जून लागला की आपण पाहुण्याला पत्र लिहितो, 'आता येऊ नका, पाऊस आहे, दिवाळीनंतर या.' या एका वाक्याने आपण त्याची कान्हेरी हिरावून घेतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि डिसेंबरच्या उन्हात ती पाहणारा मनुष्य चैत्यगृहाचे खांब पाहून, दाराशी उभ्या असलेल्या प्रचंड बुद्धमूर्तींना हात जोडून परत फिरतो. परंतु श्रावणातील एका सरीत तेथे उभे राहावे. डोंगराच्या उघड्या पाठीवर पडलेले पाणी कातळात खोदलेल्या अरुंद पन्हळींतून वाट काढीत, वळसे घेत, लेण्याच्या अंगणातील पोढीच्या, म्हणजे पाण्याच्या टाक्याच्या, तोंडाशी येऊन आत पडताना आपल्याला समक्ष दिसते; आणि तेव्हा उमगते की, ज्यांना आपण उन्हाळ्यात नुसते खड्डे समजलो होतो, ती वर्षभराच्या पाण्याची तजवीज होती. पोढीशेजारी ब्राह्मी लिपीतील लेख असतो. कोणी कल्याणच्या, कोणी सोपाऱ्याच्या गृहस्थाने भिक्षुसंघाला दिलेल्या दानाची त्यात नोंद असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली ही व्यवस्था आजच्या पावसातही आपले काम करते, आणि ते काम पाहावयाचे तर पाऊसच पडत असावा लागतो. शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा वहाणा चांगल्या असाव्यात. आणि सोमवारी उद्यान बंद असते, हे पाहुण्याला आधी सांगावे. 'पाऊस आहे, येऊ नका' हे मात्र सांगू नये. हे मी पुनः सांगतो, कारण हे पत्र आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिले असेल.

पावसाळा ओसरू लागतो तोच नारळी पौर्णिमा. मासेमारीबंदीची सरकारी मुदत १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. तरी कित्येक कोळी घरांत दर्याला नारळ अर्पण झाल्यावाचून होडी लोटीत नाहीत. वरळीच्या कोळीवाड्यात त्या सायंकाळी सोनेरी नारळ वाजतगाजत समुद्राकडे जातो. पाहुण्याने जावे, परंतु छायाचित्राच्या नादात मिरवणुकीच्या मध्ये उभे राहू नये.

गणेशोत्सवाविषयी सांगावयास नकोच. एवढेच म्हणतो की, अनंत चतुर्दशीच्या गर्दीत पाहुण्याला चौपाटीवर नेऊन घामाघूम करण्यापेक्षा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारच्या निवांत वेळी गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत न्यावे; १८९३ पासून चाललेला तो उत्सव पाहिला म्हणजे मग लालबागच्या गणपतीचा अर्थही लागतो.

त्याच सुमारास, कधी गणपती उठल्यावर तर कधी गणपती असतानाच, वांद्र्याला मोतमाऊलीच्या चर्चची जत्रा भरते. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर तेथला चढाव माणसांनी फुलून जातो. तेथल्या मेणबत्त्यांच्या दुकानांपाशी पाहुण्याने पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहावे. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे बाळ, मेणाचे लहानसे कौलारू घर, अशा वस्तू तेथे मांडलेल्या असतात. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्याला निवारा हवा तो घर घेतो, आणि कपाळावर मोठे कुंकू असलेली एखादी बाई मेणाचे बाळ पदराआड धरून पायऱ्या चढू लागते. या महानगरात लोकांना काय काय हवे आहे, ते त्या एका फळीवर मांडलेले असते. अन्य दिवशी तेच मंदिर पाहिले तर १९०४ साली बांधलेली एक देखणी वास्तू दिसेल, आणि समोर समुद्र. म्हणून म्हणतो, आधी तिथी, मग ठिकाण.

माहीमच्या मकदूमबाबांचा मेळा डिसेंबरात, मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास असतो आणि त्यात पहिला मान मुंबईच्या पोलीस खात्याचा. गणवेशातील अधिकारी संदलाचे तबक घेऊन दर्ग्यात रुजू होतात. पण डिसेंबरातील दुसऱ्या एका दिवसाविषयी बोलणे मला अधिक अगत्याचे वाटते.

तो दिवस ६ डिसेंबर. त्या दिवसाबद्दल आपण पाहुण्यांना काय सांगतो? 'दादरकडे फिरकू नका, गर्दी असते.' हे ऐकले की मला खेद होतो. विदर्भ-मराठवाड्यातून, आणि महाराष्ट्राबाहेरूनही, लक्षावधी माणसे शिदोरी बांधून ज्या नगरीत येतात, ती त्या दिवशी त्यांच्या दर्शनाची नगरी असते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि दादरच्या समुद्रकाठी त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार झाले. तेथे आज चैत्यभूमी आहे. पांढऱ्या वस्त्रांतील म्हातारी माणसे नातवंडांचा हात धरून तासन्‌तास रांगेत उभी असतात. दर्शन झाले की ती शिवाजी पार्काकडे वळतात, आणि तेथे जे दिसते ते अन्य कोणत्याही यात्रेत मी पाहिलेले नाही: खेळण्यांच्या आणि मिठाईच्या जागी पुस्तके. ताडपत्रीखाली हारीने मांडलेले ग्रंथ, आणि ते उलटून पाहणारे, किंमत विचारणारे, एक ठेवून दुसरे उचलणारे, ज्याला स्वतःला वाचता येत नाही तो नातीकडून मलपृष्ठ वाचून घेणारा. परतीच्या गाडीत त्या माणसांच्या पिशवीत पुस्तक असते. ग्रंथसंग्रहासाठी ज्यांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधविले, त्यांची यात्रा अशीच भरावी हे किती यथायोग्य! ज्याला मुंबई समजून घ्यावयाची आहे, त्या पाहुण्याला या दिवशी दादरपासून दूर ठेवणे म्हणजे, वाड्यात सर्वांत मोठी पंगत बसली असता त्याला अंगणाबाहेर उभे करणे होय. त्याला न्या. रांगेची शिस्त पाळा, मोठ्याने बोलू नका, एखादे पुस्तक विकत घ्या.

वाड्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, काही चुलींपाशी पाहुण्याला जाता येत नाही, आणि त्यात अपमान नाही. पारशांच्या अग्यारीत अन्यधर्मीयांना प्रवेश नसतो. दारावरच्या पंखधारी शिल्पाकृती रस्त्यावरून पाहाव्यात आणि उंबऱ्याशी थांबावे. काळा घोड्याजवळचे १८८४ चे निळे सिनेगॉग मात्र पाहता येते. या शहरातील बेने इस्रायल ज्यू घरात मराठी बोलतात, हे ऐकून नागपूरचा पाहुणा चकित होईल. त्यांचे सण पुन्हा निराळ्याच पंचांगाने चालतात. म्हणजे माझी पाच पंचांगांची मोजणी अपुरीच ठरली, सहावे धरावे लागेल.

घड्याळाचा काटा पुढे गेला आहे, म्हणून हिवाळा थोडक्यात. नोव्हेंबर ते मे ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात; २०१५ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले. ऐरोलीहून बोटी जातात, पण त्यांच्या वेळा भरतीवर ठरतात व रोज बदलतात. तेथे मघाची पाऊणपट उपयोगी पडेल. काळा घोड्याचा कलामहोत्सव आहे, कार्तिकी पौर्णिमेची बाणगंगा आहे, गुढीपाडव्याची गिरगावची शोभायात्रा आहे...

रमझानच्या रात्रींविषयी बरेच बोलावयाचे होते. एवढेच सांगतो. महंमद अली रस्त्यावर पाहुण्याला न्यावयाचे असेल, तर घरून जेवून निघू नये, आणि सूर्यास्ताला नेमके पोहोचूही नये. तो पहिला घास दिवसभर उपाशी राहिलेल्यांचा असतो, त्या वेळी दुकानापुढची जागा अडवू नये. तासा-दीड तासाने मिनारा मशिदीच्या बाजूच्या गल्लीत शिरावे, मालपुवा दोघांत एक घ्यावा, कारण तो एकट्याला संपत नाही, आणि फिरनी मातीच्या वाटीतलीच मागावी.