गप्पी माशाचें बालपण

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगाव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. मराठवाड्यांतील इतर गांवांप्रमाणें या बाजूसही उन्हाळा आला कीं पाणी सांठवून ठेवावें लागतें. आणि सांठविलेल्या पाण्यावर पहिला हक्क सांगतात ते डास! अशा हौदांत आरोग्य खात्यामार्फत जे इवलेसे गप्पी मासे सोडले जातात, त्यांच्या बालपणाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा मासा आपला नव्हे. दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा व त्रिनिदाद बेट हें त्याचें माहेर. १८५९ सालीं पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें. पुढें १८६६ मध्यें, त्रिनिदादहून नमुने धाडणाऱ्या गप्पी नांवाच्या गृहस्थांवरून त्यास नवें नांव देण्यांत आलें, आणि लोकांच्या तोंडीं तेंच राहिलें. गोड्या पाण्याप्रमाणेंच किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यांतही तो सुखानें नांदतो.

आपले रोहू-कटला पावसाळी पुरांत लाखों अंडीं सोडतात. तीं एका दिवसाच्या आंत फुटतात खरीं, पण बाहेर आलेल्या पिलास लगेच खातां येत नाहीं. पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर त्याला पहिले दोन-तीन दिवस काढावे लागतात. गप्पीची रीत निराळी आहे. मादी अंडीं बाहेर टाकीत नाहीं. गर्भ तिच्या पोटांतच बलकावर सुमारें चार आठवडे वाढतो. दिवस भरत आले म्हणजे तिच्या पोटाच्या मागल्या बाजूचा काळसर डाग ठळक होतो. मग सहा-सात मिलिमीटर लांबीचीं पिलें एकामागून एक बाहेर पडतात. तीं जन्मतःच पोहतात, आणि पहिल्याच दिवशीं भक्ष्य शोधूं लागतात. नुकत्या फुटलेल्या डासाच्या अळ्या त्यांच्या चिमुकल्या तोंडांत सहज मावतात. दोन-तीन महिन्यांत हींच पिलें स्वतः आईबाप होतात.

मात्र या पिलांचा पहिला शत्रु म्हणजे त्यांची आईच! भुकेल्या मादीस आपलें-परकें कळत नाहीं. हौदांत पाणवनस्पतींचा आडोसा असला तरच बरींचशीं पिलें वांचतात.

या लहानशा जीवाचें मोल केवढें आहे पाहा. परभणी ज्या निजामी राज्यांत होती, त्याच राज्यांतील सिकंदराबाद येथें २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले. डेंग्यूचा डास तर घरांतल्या स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यांतच वाढतो, आणि अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी हवेंत आठ-दहा दिवस पुरतात. तेवढ्या अवधींत त्याच्या अळ्या खाणारें कोणी पाण्यांत असलें, तर घरांतील एखादें मूल तापापासून वांचतें.

परंतु हौदांतला हा गुणच नदींत अवगुण ठरतो. मादी नराचें बीज महिनोन्‌महिने पोटांत सांभाळते, व एकाच संयोगानंतर अनेक वेतें देऊं शकते. म्हणजे हौद धुतांना एक गाभण मादी ओढ्यानें दुधनेंत गेली, तरी तेथें नवें कूळ उभें राहूं शकतें. मग आपल्या लहान देशी माशांच्या अन्नांत वाटेकरी येतो, आणि त्यांचीं पिलेंही त्याच्या तोंडीं पडतात.

म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हे मासे बंदिस्त हौदांतच ठेवावे. नदी, ओढा वा तलाव यांत कदापि सोडूं नयेत. आणि रांजण, टिपाडें व पिंपें यांसाठीं माशांवर न विसंबतां आठवड्यांतून एक दिवस तीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करावीं. हा पाहुणा उपकारी खरा. पण पाहुण्याला ओसरीवर बसवावें, सारें घर त्याच्या हवालीं करूं नये.