एका पंगतीची कसोटी
मुंबईत साकीनाक्याजवळच्या मरोळ गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नघरी फुगे नावाचे पाव तळले जातात, बाटली मसाल्याचं मटण शिजतं. अशा पंगतीत बसवून घेणं म्हणजे माणसाला आपलं म्हणणं, असं मला ठामपणे वाटतं. लेखिका लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तरी पुढेही त्या आपलं सोवळं सांभाळून वेगळं शिजवत. जातिभेद माणसानंच केला, हे पटलं तेव्हा त्या कोणाच्याही हातचं जेवू लागल्या, बाप्तिस्मा त्यानंतरचा. कोणी म्हणेल, ख्रिस्ती पंगतीतही भेद शिरतोच. शिरतो, आणि तो फार जुना आहे. करिंथच्या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत खातेपिते लोक आधीच जेवून घेत, गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलानं त्या खात्यापित्यांना पत्रातून खडसावलं आणि त्या जेवणाला प्रभुभोजन म्हणायलाच साफ नकार दिला.