दोन बोलावणी, एकच तारीख



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवरच्या सभांत. अशा माणसाने अमेरिकेतील विद्यापीठांविषयी बोलावे हा आगाऊपणा आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही रागावणार नाही. परंतु हा विषय आम्ही शोधला नाही. तो आमच्या युनियनच्या कचेरीत चालत आला.

आमचे एक सभासद फौंड्रीत मोल्डर आहेत. त्यांची मुलगी रसायनशास्त्रात हुशार. घर गहाण टाकून, कर्ज काढून तिला एम्.एस्. करण्यासाठी अमेरिकेस पाठवली. २०२४ च्या फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी सात वाजता हे गृहस्थ दारात उभे. म्हणाले, "अण्णा, पोरगी रडाय लागलीया. दोन ठिकाणनं बोलावणं आलंय, अन् दिवस एकच."

पीएच्.डी.साठी तिने काही विद्यापीठांत अर्ज केले होते. तिकडे विज्ञानाच्या बहुतेक विभागांत पीएच्.डी. करणाऱ्याला फी माफ असते, शिवाय शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. म्हणजे ही जागा मिळाली तर कर्ज फिटण्याची वाट. न मिळाली तर गहाण घर. आणि दोन्ही विद्यापीठांनी बोलावले होते मार्चच्या पहिल्या शुक्रवारी व शनिवारी. दोन गावांत विमानाचे अंतर.

बापाचा सल्ला सरळ होता. एका विभागाने जागा देऊ केल्याचे पत्र आधीच पाठवले होते. "ज्यांनी जागा दिलीया त्यांच्याकडंच जावं. त्यांचं मन दुखवाय नको." दुसऱ्यांना तारीख बदलून मागावी, हे ना बापाला सुचले ना मुलीला. मागितले तर नाव कापतील, ही भीती.

ही भीती आम्हांस परकी नाही. आम्ही एकोणीस वर्षांचे असताना एका कारखान्यात ट्रायल आणि एका कचेरीत कारकुनाची मुलाखत, दोन्ही एकाच दिवशी सकाळी दहाला आल्या. आम्ही कोणाला काही विचारले नाही. कारखान्यात गेलो. गेटवरचा माणूस म्हणाला, "आज ट्रायल नाही, परवा या." धावत कचेरीत गेलो, तर मुलाखती आटोपल्या होत्या. परवा पुन्हा कारखान्यात गेलो, तोवर जागा भरली होती. कागदावर चार ओळी लिहून दोन दिवस आधी पाठवल्या असत्या, तर कदाचित एक तरी जागा हाती लागली असती. गरिबाला नकाराचे भय नसते, कारण तो त्याच्या सवयीचा असतो. त्याला भय वाटते ते विचारण्याचे.

म्हणून आम्ही त्या मुलीला फोनवर म्हटले, "बाळ, रडणे थांबव आणि दोन्ही पत्रे वाचून दाखव." ती इंग्रजी वाचे आणि मराठीत अर्थ सांगे. तेव्हा ध्यानात आले की, ही दोन बोलावणी एका जातीची नव्हेत. एक होती मुलाखत. तिथे जागा अजून मिळायची होती, विद्यापीठ तिला पारखणार होते. दुसरी होती भेट. तिथे जागा मिळालेली होती, आता तिने विद्यापीठाला पारखायचे होते. तिकडे कित्येक विभाग आधी मुलाखत घेऊन मग जागा देतात, तर कित्येक आधी जागा देतात आणि मग पाहुण्यासारखे बोलावून तुम्ही यावे म्हणून आर्जव करतात. दोन्ही प्रकारांत प्रवासखर्च बहुधा विद्यापीठच सोसते.

मग हिशेब उघड झाला. जिथे अजून हरण्यासारखे आहे तिथे आधी जावे; जिथे हातात पत्र आहे तिथे तारीख मागावी. बापाचा सल्ला सभ्य होता, पण उलटा होता.

तिने त्याच दिवशी पत्र लिहिले: निमंत्रणाबद्दल आभार, त्या दिवशी दुसरीकडे मुलाखत आहे, आपला विभाग पाहण्याची मनापासून इच्छा आहे, दुसऱ्या एखाद्या दिवशी येता येईल का? एवढेच. खोटे आजारपण नाही, रडगाणे नाही. चार दिवस उत्तर नाही. ते चार दिवस बाप फौंड्रीत कसा उभा राहिला ते आम्ही पाहिले आहे. पाचव्या दिवशी उत्तर आले: दोन आठवड्यांनी एकटीच ये, तिकीट आम्ही काढतो.

प्रत्येक वेळी असेच होईल, असे आम्ही सांगत नाही. काही ठिकाणी दुसरी तारीख नसते. मग पडद्यावर बोलावे लागते, आणि पडद्यावर प्रयोगशाळेचा वास येत नाही. परंतु नुसते विचारले म्हणून दिलेली जागा कोणी काढून घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

एकटी गेल्याचा एक लाभ झाला. मंत्री येणार म्हटले की आमच्या कारखान्यांत भिंतींना चुना लागतो. सामुदायिक भेटीचा दिवसही थोडासा तसाच असतो. ही गेली ती कामाच्या दिवशी. आम्ही तिला प्रश्न देऊन ठेवले होते आणि बजावले होते की, ते प्राध्यापकांसमोर विचारू नकोस, जेवणाच्या वेळी विद्यार्थ्यांना विचार. विद्यावेतनातून भाडे जाऊन काय उरते? उन्हाळ्याचे पैसे मिळतात का? पदवीला खरोखर किती वर्षे लागतात? कोणी मार्गदर्शक सोडून गेले का, आणि का? युनियन आहे का?

हा शेवटचा प्रश्न ऐकून काही श्रोते हसले. पण विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी १९६६ मध्ये आपली संघटना काढली आणि १९७० मध्ये संपही केला. खाजगी विद्यापीठांतील असे विद्यार्थी कामगारच होत, असा निर्णय तेथील राष्ट्रीय कामगार-संबंध मंडळाने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात २०१६ मध्ये दिला. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० जण संपावर गेले. ज्याला आपण विद्यार्थी म्हणतो तो तिथे कामकरीही आहे. मग कामाच्या अटी त्याने का विचारू नयेत?

मार्चअखेर मुलाखतवाल्या विद्यापीठाचेही होकारपत्र आले. आता दुसरा पेच. पहिल्या विभागातील एका प्राध्यापकांनी कळवले, आठवड्यात उत्तर दे. इथे एक जुना करार कामी आला. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी आपसांत ठरवून सही केली आहे की, आर्थिक साहाय्यासह दिलेल्या जागेला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नाही.

असे करार कोणाच्या दयेतून येत नाहीत. तिथल्या इस्पितळांचा इतिहास पाहा. नव्या डॉक्टरांसाठी अशी चढाओढ लागली की, १९४४ च्या सुमारास पदवीच्या दोन वर्षे आधीच जागा ठरू लागल्या. पुढे तारीख बांधून दिली, तर उत्तराची मुदत आखडत गेली. काही तासांत हो किंवा नाही सांगा! अखेर १९५२ पासून दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम लिहून द्यावा आणि मध्यवर्ती ठिकाणी जुळणी व्हावी, अशी व्यवस्था झाली. अशा जुळणीच्या अभ्यासासाठी लॉइड शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. घाईघाईची निवड ही निवड नव्हे, ही गोष्ट मालकांनाही शेवटी कळते. मात्र सर्वांनी मिळून नियम बांधल्याशिवाय एकटा कोणी थांबत नाही.

मुलीने त्या कराराचा नम्रपणे उल्लेख करून मुदत मागितली. मिळाली. पण आम्ही तिला दुसरी बाजूही सांगितली. जी जागा घ्यायची नाही ती १५ तारखेपर्यंत अडवून ठेवणे म्हणजे रांगेतल्या कोणाची तरी भाकरी अडवणे. तिने ३ एप्रिलला निर्णय केला आणि त्याच दिवशी नकाराचे पत्रही पाठवले. निवडला तो कामाच्या दिवशी पाहिलेला विभाग. नाव लहान होते, पण तिथल्या विद्यार्थ्यांनी खरे सांगितले होते. विद्यावेतन थोडे आहे हेही सांगितले होते. बाप आजही म्हणतो, मोठ्या नावाकडे जायला हवे होते. असेल. पण निर्णय तिचा आहे, आणि तो तिने दोन्ही घरे पाहून केला.

आपल्या मुलांनाही उद्या दोन बोलावणी एका दिवशी येतील. अमेरिकेचीच कशाला, पुण्या-मुंबईचीही येतील. त्यांना एवढेच शिकवा की, बोलावणाऱ्यालाही आपली गरज असते. वेळेवर, खरे कारण देऊन, लेखी विचारा. नाही म्हणाले तर आपण होतो तिथेच असतो.